फ्रीज गार होतो, मग मध्येच थांबतो: कॅपिलरीत गोठणारं पाणी आणि ते आत जाऊ नये म्हणून

दवबिंदू

पावसाळा लागला की एकाच प्रकारची तक्रार वाढते. गॅस भरून घेतला, फ्रीज छान गार झाला, आणि रात्रीतून कूलिंग गेलं. कॉम्प्रेसर तर चालूच आहे. वैतागून बटण बंद केलं, दोन तासांनी लावलं, तर पुन्हा गारेगार. काही तासांनी परत तेच. मेकॅनिक येतो, 'गॅस कमी झालाय' म्हणतो, थोडा गॅस मारून जातो. अशा फ्रीजमध्ये बहुतेक वेळा गॅस कमी झालेला नसतोच. आतल्या नळ्यांत पाणी शिरलेलं असतं आणि ते कॅपिलरीच्या, म्हणजे कूलिंग कॉइलला गॅस पोचवणाऱ्या अगदी बारीक नळीच्या, तोंडाशी गोठत असतं. आमच्या धंद्यात याला मॉइश्चर चोक म्हणतात.

मी कोकणात फ्रीज, डीप फ्रीजर आणि दुकानांतल्या व्हिझी कूलरची (काचेच्या दाराच्या फ्रीजची) कामं करतो, शिकाऊ मुलांना शिकवतोही. हा धागा घरच्या लोकांसाठी आहे आणि हातात हत्यारं असणाऱ्यांसाठीही. माझं म्हणणं एवढंच, की हे पाणी गॅसमध्ये आपोआप तयार होत नाही. दुरुस्तीच्या वेळी किंवा गळती लागल्यावर ते बाहेरून आत जातं, आणि अडवायचं असेल तर तेव्हाच अडवता येतं. नंतर गॅसवर गॅस भरत राहिल्याने ते जात नाही.

आत काय घडतं ते आधी बघू. कंडेन्सरमधून, म्हणजे मागच्या जाळीतून, आलेला द्रव गॅस फिल्टरमधून कॅपिलरीत शिरतो. घरच्या फ्रीजच्या कॅपिलरीचं आतलं भोक साधारण ०.६ ते ०.८ मिलिमीटर असतं. तिच्या शेवटी दाब एकदम पडतो आणि तापमान शून्याखाली वीस-पंचवीस अंशांवर जातं. गॅसमध्ये जेवढं पाणी विरघळून राहू शकतं तेवढं वाहत पुढे जातं, उरलेलं तिथेच गोठतं. हिशोब करून बघा. पाण्याचा एक छोटा थेंब धरा, ०.०५ मिलिलिटरचा. ०.८ मिलिमीटरच्या नळीत तो भरला तर दहा सेंटिमीटर लांबी व्यापतो. एवढं पाणी अख्खा फ्रीज बंद पाडायला पुरेसं आहे.

हा थेंब आत जायला पाण्याची बाटली सांडावी लागत नाही. जुलैतली कोकणातली हवा घ्या, तापमान ३० अंश, आर्द्रता ९० टक्के. तिच्या एका घनमीटरमध्ये साधारण २७ ग्रॅम वाफ असते, म्हणजे लिटरमागे २७ मिलिग्रॅम. कॉइल, जाळी, कॉम्प्रेसर मिळून आत दोन लिटर पोकळी धरली तर नुसती हवा भरल्यानेच ५० मिलिग्रॅमच्या वर पाणी आत गेलं. तोच वरचा थेंब. आर-६००ए या गॅसवर चालणाऱ्या आजच्या फ्रीजमध्ये गॅसच मुळात ४०-५० ग्रॅम असतो. त्यात एवढं पाणी म्हणजे दशलक्षात हजार भाग. चांगल्या प्रतीच्या नव्या गॅसला पाण्याची मर्यादा दशलक्षात १० भागांची असते.

आता ओळख. कॅपिलरी जिथे कूलिंग कॉइलला मिळते तिथे एरवी गॅसचा फुसफुस आवाज येत असतो, तो बंद होतो. कॉइलवरचा बर्फाचा पातळ थर वितळायला लागतो. मागची जाळी कोमट होऊन गार पडते. कॉम्प्रेसरचा आवाज हलका होतो, अँपिअर उतरतात, आणि सक्शनला (कॉम्प्रेसर गॅस ओढून घेतो त्या बाजूला) गेज असेल तर काटा शून्याखाली व्हॅक्यूममध्ये ओढला जातो. अशा वेळी गरम पाण्यात पिळलेलं फडकं कॅपिलरीच्या टोकाशी धरा. खळखळ आवाज करत गॅस सुटला आणि दाब वर आला, तर आत पाणी आहे. फडक्याने काहीच फरक पडला नाही तर कचरा, मेण किंवा फिल्टरची भुकटी अडकलेली असते, तो चोक कायमचा. आणि गॅस खरोखर कमी असेल तर लक्षण येत-जात राहत नाही. कॉइलच्या सुरुवातीलाच तेवढा बर्फ धरतो, बाकीची कॉइल कोरडी राहते, आणि हे चित्र दिवसभर बदलत नाही.

ठाणेकर

फार वेळेवर धागा आला. आमच्याकडे अगदी हेच चाललंय, गेल्या दिवाळीत गॅस भरल्यापासून. पण एक शंका आहे. आमच्या फ्रीजरच्या मागच्या भिंतीवर बोटभर बर्फ साचतो आणि मग खालच्या कप्प्यात गारवा येत नाही. हा बर्फ आणि तुम्ही म्हणता तो बर्फ एकच का?

दवबिंदू

ठाणेकर, नाही. हे दोन बर्फ वेगळे ओळखता आले की निम्मी फसवणूक टळते.

भिंतीवरचा बर्फ हा फ्रीजच्या कप्प्यातल्या हवेतल्या दमटपणाचा. दाराचं गॅस्केट सैल झालं, दार सारखं उघडलं गेलं, गरम भांडं झाकण न लावता ठेवलं, की तो वाढतो. फ्रॉस्ट-फ्री फ्रीज असेल तर डिफ्रॉस्ट हीटर, बायमेटल किंवा टायमर गेलेला असू शकतो, नाहीतर पाणी जाण्याची नळी तुंबलेली असते. बर्फाने पंख्याची वाट अडते म्हणून खाली हवा पोचत नाही. या बिघाडात गॅसच्या नळ्यांना हात लावायचं काहीच कारण नाही. इथे कोणी नळी कापून गॅस भरला, तर नसलेला ओलावा त्या दिवशी आत जाईल.

मी म्हणतोय तो बर्फ नळीच्या आत असतो आणि डोळ्यांना कधीच दिसत नाही. तुमच्याकडे दोन्ही तक्रारी एकत्र असणं शक्य आहे. आधी गॅस्केट आणि हीटर तपासून घ्या. फ्रीज पूर्ण बंद करून, दार उघडं ठेवून भिंतीवरचा बर्फ वितळू द्या, मग लावून बघा. भिंतीवर बर्फाचा पातळ थर असतानाही कूलिंग येत-जात असेल तर नळीच्या आतल्या बर्फाचा संशय घ्यायचा.

कपॅसिटर

पुण्यातून लिहितोय. धंद्यात आर-१२ या जुन्या गॅसच्या काळापासून आहे. नव्या मुलांना कल्पना नसेल, तेव्हा मॉइश्चर चोक ही रोजची गोष्ट होती. आर-१२ आणि पाणी यांचं जमतच नव्हतं. २५ अंशांना आर-१२ मध्ये दशलक्षात ९० भागांच्या आसपासच पाणी विरघळायचं. आर-२२ मध्ये १३०० आणि आर-१३४ए मध्ये ११०० च्या आसपास विरघळतं. म्हणून आर-१२ चा फ्रीज ओला राहिला की दुसऱ्या दिवशी तक्रार यायची. २००८ मध्ये आपल्याकडे त्याचं उत्पादन थांबलं आणि लोकांना वाटलं, सुटलो.

सुटलो नाही. आर-१३४ए पाणी पोटात ठेवतो, गोठवून लगेच सांगत नाही. त्याच्याबरोबर कॉम्प्रेसरमध्ये असणारं पीओई हे कृत्रिम तेल तर हवेतलं पाणी सतत ओढून घेतं. जुनं मिनरल तेल दशलक्षात पंचवीस-तीस भाग पाणी घेऊन थांबायचं, पीओई दीड-दोन हजारांवर जातं. ते पाणी तेलाशी रासायनिक क्रिया करून आम्ल बनवतं. चोक सहसा होत नाही, पण वर्ष-दोन वर्षांत मोटरचं वाइंडिंग जळतं किंवा आत तांब्याचा मुलामा धरून कॉम्प्रेसर जाम होतो, आणि मग नाव येतं 'व्होल्टेज कमी होतं' म्हणून.

आता एका गोष्टीवर माझं मत वेगळं आहे. गॅस भरण्याआधी पंपाने आतली हवा आणि पाणी ओढून काढतात, म्हणजे व्हॅक्यूम करतात. तो मोजायला हल्ली सगळे 'मायक्रॉन गेज घ्या' म्हणतात (मायक्रॉन म्हणजे पाऱ्याच्या मिलिमीटरचा हजारावा भाग). गल्लीत सायकलवरून फिरून काम करणाऱ्या पोराला ते परवडत नाही. चांगला टू-स्टेज पंप घे, अर्धा-पाऊण तास चालव, कंपाउंड गेजचा (दाब आणि व्हॅक्यूम दोन्ही दाखवणाऱ्या साध्या गेजचा) काटा खाली बसला की झालं. आयुष्यभर असंच केलंय आणि फ्रीज चाललेत.

दवबिंदू

कपॅसिटर, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे आणि आर-१२ बद्दलचं सगळं मान्य. गेजबद्दल मात्र मी अडून बसेन, कारण आकडे तसं सांगतात.

पाणी शून्य अंशाला उकळवायचं तर दाब ४,५८० मायक्रॉनवर आणावा लागतो. आपल्याला हवं ५०० मायक्रॉन. या दोन्हींत फरक फक्त चार मिलिमीटर पाऱ्याचा, म्हणजे इंचाच्या पंचमांशाहूनही कमी. कंपाउंड गेजवर तो काट्याच्या जाडीत बुडतो. म्हणजे काटा तळाला टेकलाय आणि आत पाणी तसंच बसलंय, हे अगदी शक्य आहे.

त्यात पुण्याचा वेगळा घोटाळा. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, तिथे वातावरणाचा दाबच पाऱ्याच्या २८ इंचांच्या आसपास असतो. परिपूर्ण व्हॅक्यूम झाला तरी काटा २८ च्या पुढे जायचा नाही. महाबळेश्वरला तर साडेपंचवीसच्या आसपासच थांबेल. तिथे कोणी '२९ येत नाही, पंप खराब आहे' म्हणून चांगला पंप बदलतो, आणि इथे समुद्रकाठी कोणी २८ वर समाधान मानून नळी पिंच करतो, म्हणजे दाबून बंद करतो. समुद्रकाठी २८ इंच म्हणजे आत अजून ४५ मिलिमीटरच्या वर दाब शिल्लक. ३० अंशांना पाणी साधारण ३२ मिलिमीटरला उकळतं. म्हणजे पाणी उकळायला सुरुवातसुद्धा झालेली नाही.

वेळेचंही तसंच. अर्धा तास पुरतो की नाही हे आत किती पाणी आहे आणि पाइप किती बारीक आहेत यावर ठरतं. ५०० मायक्रॉनला एक ग्रॅम पाण्याची वाफ साधारण दोन हजार लिटर जागा घेते. मिनिटाला ८५ लिटर ओढणारा पंप, मध्ये काहीही अडथळा नाही असं धरलं, तरी एका ग्रॅमला चोवीस मिनिटं. प्रत्यक्षात मध्ये पाव इंची चार्जिंग पाइप, त्यातली पिन आणि पलीकडे कॅपिलरी असते. हे स्ट्रॉने हंडा उपसण्यासारखं आहे.

खर्चाचा मुद्दा खरा आहे. आमच्याकडे काही जणांनी मिळून एक गेज घेतलंय, ज्याचं काम असेल तो नेतो. पंपाच्या तेलाकडेही लक्ष हवं. पावसात ओल्या फ्रीजवर पंप चालवला की त्याचं तेल दुधाळ होतं आणि मग पंप कितीही महागडा असला तरी खोल ओढत नाही. सुरुवातीला पंपाचा गॅस बॅलास्ट (थोडी बाहेरची हवा घेणारी झडप) उघडा ठेवायचा, तेल गढूळ दिसलं की बदलायचं.

नवीनहत्यारे

नमस्कार, मी आयटीआय झालोय, एका दुकानात उमेदवारी करतो. इथे सीनियर फ्रीजच्याच कॉम्प्रेसरने व्हॅक्यूम मारतात, वेगळा पंप काढतच नाहीत. सक्शनची नळी बंद करून कॉम्प्रेसर चालवायचा आणि डिस्चार्जकडून (कॉम्प्रेसर गॅस बाहेर ढकलतो त्या बाजूने) हवा बाहेर सोडायची. हे कितपत बरोबर? आणि फिल्टर बदलण्याबद्दल जरा सविस्तर सांगाल का?

कपॅसिटर

हे मात्र अजिबात करू नकोस, इथे दवबिंदू आणि मी एका बाजूला. फ्रीजचा कॉम्प्रेसर हवा काढण्यासाठी बनलेलाच नाही, तो तेवढा खोल जात नाही. शिवाय गॅसच्या गारव्यावरच त्याच्या मोटरचं तापमान सांभाळलं जातं. व्हॅक्यूममध्ये चालवला तर मोटर तापते आणि टर्मिनलपाशी ठिणगी पडून कॉम्प्रेसर जाऊ शकतो. शिवाय आतली दमट हवा तेलावरून फिरते आणि पाणी तेलात मुरतं. सीनियरशी वाद घालू नकोस. 'मी पंप लावतो' म्हण आणि लाव.

दवबिंदू

फिल्टरबद्दल.

गॅसची बाजू एकदा उघडली की नवीन फिल्टर, यात तडजोड नाही. आत मॉलिक्युलर सीव्हचे मणी असतात. त्यांची छिद्रं एवढी बारीक की पाण्याचा रेणू आत शिरतो आणि गॅसचा बाहेर राहतो. आर-१३४ए आणि आर-६००ए ला एक्सएच-७ किंवा एक्सएच-९ जातीचा माल लागतो. जुन्या आर-१२ साठीचा एक्सएच-५ पडलेला असेल तर तो लावू नये.

दहा ग्रॅम मणी एक ग्रॅमहून जास्त पाणी धरू शकतात, म्हणजे वर सांगितलेल्या थेंबाच्या कितीतरी पट. मग नवा फिल्टर लावूनही चोक का होतो? कारण बऱ्याचदा तो लावायच्या आधीच भरलेला असतो. पाकीट सकाळी फोडलं, फिल्टर टेबलावर, मग चहा, मग वेल्डिंग. पावसाळ्यातल्या हवेत तेवढ्यात त्याने आपलं पोट भरून घेतलं. सगळ्या नळ्या कापून, साफ करून, जुळवून झाल्यावर शेवटी फिल्टरचं पाकीट उघडायचं आणि काही मिनिटांत ब्रेझिंग संपवायचं. नव्या कॉम्प्रेसरची रबरी बुचंही तशीच, पंधरा मिनिटांपेक्षा जास्त उघडी नकोत. पीओई तेलाचा डबा तर एकदा उघडला की उरलेलं तेल पुढच्या कामासाठी ठेवू नका.

जुना फिल्टर काढताना ज्योतीने तापवून ओढून काढतात, हे फार चुकीचं आहे. मणी तापले की धरलेलं सगळं पाणी सोडतात, आणि ते जातं कुठे? मागे कंडेन्सरमध्ये आणि पुढे कॅपिलरीत. फिल्टर ट्यूब कटरने कापून काढायचा. जुना फिल्टर भाजून पुन्हा वापरणारेही आहेत, त्यांच्या दारात जाऊ नका.

लावताना कॅपिलरीचं तोंड खाली येईल असा तिरका किंवा उभा लावा म्हणजे नळीत द्रवच जाईल. कॅपिलरी फिल्टरच्या आतल्या बारीक जाळीला टेकवू नका, थोडी मागे ठेवा. दोन तोंडांचा फिल्टर मिळतो, तो घ्या. त्याच्या जादा नळीवरून डिस्चार्जच्या बाजूनेही व्हॅक्यूम घेता येतो. नाहीतर कंडेन्सरमधलं सगळं पाणी कॅपिलरीच्या त्या मिलिमीटरहूनही बारीक वाटेने ओढायची पाळी येते, आणि ते होत नाही.

दूधसंकलन

सांगली जिल्ह्यात गावच्या दूध संकलन केंद्रात काम बघतो. आमच्या बल्क कूलरला मागच्या पावसाळ्यात हाच त्रास होता, आणि दुधात हा त्रास परवडत नाही. धार काढलेलं दूध ३५ अंशांच्या आसपास येतं, ते ४ अंशांवर न्यायचं असतं. मध्येच कूलिंग थांबलं की टँकर येईपर्यंत आंबटपणा वाढतो आणि नुकसान शेतकऱ्यांच्या अंगावर येतं. पण आमच्याकडे कॅपिलरी नाही, तिच्या जागी एक्सपान्शन व्हॉल्व्ह आहे. तिथेही हाच प्रकार का? मेकॅनिक व्हॉल्व्ह बदला म्हणत होता.

दवबिंदू

दूधसंकलन, तिथेही तेच. दुधाला गोठवायचं नसलं तरी टाकीच्या तळाशी गॅसचं तापमान शून्याखाली जातं, म्हणून व्हॉल्व्हच्या सुईपाशी पाणी गोठतं. व्हॉल्व्ह बदलण्याआधी त्याच्या अंगावर गरम फडकं ठेवून बघा. लगेच चालू झाला तर व्हॉल्व्ह निर्दोष आहे.

तुमच्याकडे एक सोय आहे जी घरच्या फ्रीजला नसते, ती म्हणजे लिक्विड लाइनवरची, म्हणजे द्रव गॅसच्या नळीवरची काच. बहुतेक काचांच्या मध्ये रंग बदलणारा ठिपका असतो, हिरवा म्हणजे कोरडं, पिवळा म्हणजे ओलं. यंत्र काही तास चालल्यावर बघा, सुरू केल्या केल्या दिसणारा रंग धरू नका. पिवळा असेल तर फिल्टरचा कोअर (आतला पाणी शोषणारा भाग) बदला, पुन्हा काही तास चालवा, ठिपका हिरवा होईपर्यंत कोअर बदलत राहा. आर-४०४ए वर असेल तर तेलही पीओई आहे. ते खूप ओलं झालं असेल तर व्हॅक्यूमने त्यातलं पाणी निघत नाही, तेलच बदलावं लागतं.

व्हॉल्व्ह बदलायचा म्हणजे यंत्रणा पुन्हा उघडायची. ओलाव्याच्या तक्रारीवर तो उपाय उलटा पडतो. आणि पाणी आलं कुठून ते शोधा. पावसाच्या तोंडावर कोणी गॅस टॉप-अप केला होता का? पाइपमधली हवा न काढता सिलिंडर जोडला असेल तर पाइपभर दमट हवा सरळ आत गेली.

खाडीकाठ

मिरकरवाड्याजवळ आमचा बर्फाचा जुना कारखाना आहे, अमोनियावर. तेलातून पाणी काढतो, कधी यंत्रणेत पाणी गेलेलंही पाहिलंय, पण व्हॉल्व्ह गोठून बंद पडला असं कधी झालं नाही. आमच्यात हे का होत नाही?

दवबिंदू

कारण अमोनियात पाणी हवं तेवढं विरघळतं. सुटं पाणीच उरत नाही, मग गोठणार काय? म्हणून अमोनियाच्या यंत्रणेत फिल्टर-ड्रायरही नसतो. त्याची किंमत वेगळ्या प्रकारे चुकवावी लागते. पाणी वाढलं की त्याच दाबाला उकळण्याचं तापमान चढतं, म्हणजे त्याच विजेत कमी बर्फ. आणि आतून गंज. मासळी गोठवणारे ब्लास्ट फ्रीजर उणे ३३ अंशांच्या खाली चालवले की अमोनियाची लो साइडसुद्धा (कमी दाबाची बाजू) व्हॅक्यूममध्ये जाते आणि ग्लँडमधून हवा आत खेचली जाते. तुमचं काम बर्फाच्या लाद्यांचं, त्यामुळे तेवढं खाली जात नसाल.

हाच व्हॅक्यूमचा मुद्दा घरच्या फ्रीजसाठी आज सगळ्यात महत्त्वाचा झालाय. आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, वातावरणाच्या दाबाला उणे ११.७ अंशांना उकळतो. फ्रीजरमध्ये त्याला उणे २५ पर्यंत न्यायचं तर सक्शनचा दाब वातावरणाच्या निम्म्याच्या आसपास येतो. आर-१२ च्या फ्रीजला गळती लागली तर गॅस बाहेर जायचा. आर-६००ए च्या फ्रीजला कूलिंग कॉइलच्या बाजूला गळती असेल तर कॉम्प्रेसर चालू असताना बाहेरची हवा आत येते, रोज. अशा फ्रीजला तुम्ही उत्तम व्हॅक्यूम करून, नवा फिल्टर लावून दिलात तरी महिन्याभरात चोक परत. म्हणून नायट्रोजनने प्रेशर टेस्ट केल्याशिवाय आर-६००ए चं काम बंद करू नका. नायट्रोजन कोरडाच हवा, रेग्युलेटर लावूनच. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा नको, त्यात पाणी असतं. ऑक्सिजन तर चुकूनही नको, तेलाशी त्याचा संपर्क आला तर स्फोट होतो.

आणि हा गॅस पेटता आहे. आत गॅस असताना टॉर्च लावायचा नाही, खिडक्या उघड्या, शेगडी बंद. त्याच्या जागी स्वयंपाकाचा गॅस भरणारे ऐकले आहेत. त्यात वासासाठी गंधकाचं द्रव्य घातलेलं असतं, प्रमाण वेगळं असतं, कोरडेपणाची काहीच हमी नसते. घरात लहान मुलं वावरतात, तिथल्या फ्रीजमध्ये हे कोणी करू नये.

नवीनहत्यारे

नायट्रोजनचा विषय निघालाय तर, 'ट्रिपल व्हॅक्यूम' म्हणतात ते नेमकं कसं करायचं?

दवबिंदू

पहिल्यांदा दीड-दोन हजार मायक्रॉनपर्यंत ओढायचं. मग पंप बंद करून कोरडा नायट्रोजन सोडायचा, दाब शून्याच्या किंचित वर येईपर्यंत. काही मिनिटं थांबायचं, तेवढ्यात तो कोपऱ्याकोपऱ्यातली वाफ सोबत घेतो. तो सोडून द्यायचा, पुन्हा ओढायचं, पुन्हा नायट्रोजन, आणि शेवटी ५०० मायक्रॉनच्या खाली. नायट्रोजनचा आणखी एक फायदा आहे. ओल्या यंत्रणेवर जोरदार पंप लावला तर पाणी उकळता उकळता स्वतःच गार होऊन आत गोठतं, आणि गोठलेलं पाणी फार हळू निघतं. नायट्रोजनने ते पुन्हा ऊब धरतं. थंडीत काम असेल तर कॉइलवर हेअर ड्रायरची गरम हवा मारली की बराच वेळ वाचतो.

शेवटी पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून गेजकडे बघत बसायचं. आकडा वर चढून एका ठिकाणी थांबला तर आत अजून पाणी आहे. चढतच राहिला तर गळती. जागेवर राहिला तरच गॅस. आणि आर-६००ए वजनकाट्यावर मोजूनच भरायचा, अंदाजाने नाही.

कपॅसिटर

ही शेवटची परीक्षा पंपाच्या वेळेपेक्षा खरी, हे मान्य. गेज एकत्र घेण्याची कल्पना आमच्या इकडच्या पोरांना सांगतो.

एक भर घालतो. चोक सुटावा म्हणून यंत्रणेत मिथेनॉल किंवा स्पिरिट सोडणारे लोक पूर्वी होते, अजूनही भेटतात. त्याने बर्फ सुटतो आणि फ्रीज चालू होतो, गिऱ्हाईक खूश. पण मिथेनॉल ॲल्युमिनियमच्या कॉइलला खातं, वाइंडिंगच्या लेपाला त्रास देतं, आणि फिल्टरच्या मण्यांतली पाण्याची जागा अडवू शकतं. नव्या मुलांनी या वाटेला जाऊच नये.

ठाणेकर

बर्फ वितळवून, गॅस्केट बदलून फ्रीज लावला. भिंतीवरचा बर्फ थांबला, पण कूलिंग अजून येतं-जातं. आवाज बंद होतो तेव्हा गरम फडकं लावलं, लगेच खळखळ आवाज आला. म्हणजे आत पाणी आहेच. आता आठवतंय, पहिल्यांदा गॅस गेला तो घरात कोणीतरी सुरीने फ्रीजरमधला बर्फ खरवडला होता त्यानंतर. जुना सिंगल डोअर फ्रीज, आर-१३४ए. काम कोणाला द्यायचं, आणि देताना काय विचारायचं?

दवबिंदू

सुरी हेच कारण, मला शंका नाही. सिंगल डोअर फ्रीजमध्ये फ्रीजरचा पत्रा हीच कूलिंग कॉइल असते, गॅसच्या वाटा त्या ॲल्युमिनियमच्या आतच असतात. भोक पडलं, गॅस फुस्स करून गेला, आणि कॉम्प्रेसर चालूच राहिला तर तो त्या भोकातून हवा आणि वितळलेलं बर्फाचं पाणी आत ओढतो. मिलिग्रॅमच्या गोष्टी संपल्या, इथे कित्येक ग्रॅम पाणी जाऊ शकतं, आणि ते थेट कॉम्प्रेसरच्या तेलात. वाचणाऱ्या सगळ्यांनी हे लक्षात ठेवावं. असं कधी झालं तर पहिल्या मिनिटात वीज बंद करा आणि भोकावर चिकटपट्टी लावा. फ्रीज आर-६००ए चा असेल तर खिडक्या उघडा, शेगडी पेटवू नका आणि वीज मीटरजवळच्या एमसीबीवरून बंद करा.

तुमच्याकडे भोक बुजवून गॅस भरला गेला, पाणी मात्र तेलात राहिलं. त्यामुळे आता नुसता फिल्टर आणि व्हॅक्यूम पुरणार नाही. तेल काढून नवं पीओई भरायला हवं, कॉइल आणि जाळी नायट्रोजनने फुंकून काढायला हवी, फिल्टर दोन तोंडांचा, आणि ट्रिपल व्हॅक्यूम. भोकाची जोडणी प्रेशरला टिकते का तेही आधी बघायला सांगा. नाहीतर कॉइलच बदला.

ज्याला काम द्याल त्याला एवढंच विचारा: वेगळा व्हॅक्यूम पंप आणणार का, फिल्टर माझ्यासमोर पाकिटातून काढणार का, पंप बंद केल्यावर गेजचा आकडा न चढता जागेवर राहतो ते दाखवणार का. तिन्हीला 'हो' म्हणणारा घ्या. त्याला निम्मा दिवस लागेल, तेवढा द्या आणि मजुरीत घासाघीस करू नका.

एक विनंती. तेल काढून ते भरायला दुसऱ्या दिवशी येतो असं तो म्हणाला, तर सगळ्या नळ्यांची तोंडं पिंच करून किंवा बुचं लावून जायला सांगा. ठाण्यातली पावसाळ्यातली एक रात्र उघड्या कॉम्प्रेसरला नको.